देवगडच्या किनाऱ्यावर मारुती ८०० पुन्हा रस्त्यावर आणताना : कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

थोरल्या काकांची मारुती ८०० आजपासून कामाला घेतली आहे. फेब्रुवारी १९९५ मध्ये नोंदणी झालेली ही गाडी मार्च २०२० च्या टाळेबंदीत आमच्या देवगडजवळच्या जामसंड्याच्या बागेतील मांगरात (बागेतल्या शेडमध्ये) उभी राहिली आणि त्यानंतर कोणीही तिला सुरू केलेले नाही. मला वाहन चालवण्याचा परवाना मिळून दोन वर्षे झाली आहेत. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या मंडळींत मी अगदी अलीकडे सामील झालो आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी पुण्या-मुंबईकडच्या कोरड्या गॅरेजात केलेल्या कामांची माहिती माझ्याकडे भरपूर आहे. किनाऱ्यापासून चार किलोमीटरवर, मातीच्या जमिनीवर पाच पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीचे काय करावे याविषयी मात्र मला फारसे काही मिळाले नाही, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

आज फक्त पाहणी केली. चारही टायर बसलेले आहेत आणि त्यांच्या कडांना भेगा गेल्या आहेत. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी काथ्याचा चोथा आणि भाताचा कोंडा भरून घरटे केले होते, आणि डाव्या हेडलाइटकडे जाणाऱ्या तारा कुरतडल्या आहेत. हँडब्रेक सोडूनही मागची चाके फिरत नाहीत. वरून पाहता रंग फिकट झालेला आहे, पण पत्रा चांगला दिसतो. काकांनी गाडीची चावी, मूळ पुस्तिका आणि नोंदणीची कागदपत्रे माझ्या हाती दिली आणि नोंदणीची मुदत १८ फेब्रुवारी २०२५ रोजी संपते याची आठवण करून दिली. त्याआधी सर्व काम पूर्ण होईल असा माझा अंदाज आहे.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

आज मोठी चूक झाली. नवी बॅटरी (४,१०० रुपये) बसवली, तिन्ही प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे थोडे इंजिन ऑइल सोडले, तासभर थांबून पान्याने इंजिन हाताने फिरवून पाहिले, आणि ते मोकळे फिरते हे कळल्यावर उत्साहाच्या भरात टाकीतले पाच वर्षांपूर्वीचे पेट्रोल तसेच ठेवून सेल्फ मारला. इंजिन चौथ्या प्रयत्नात सुरू झाले, चाळीसएक सेकंद चालले आणि बंद पडले, ते पुन्हा सुरू झालेच नाही. कार्बुरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडल्यावर तळाशी मधासारखा चिकट, पिवळसर थर होता आणि त्याला पेट्रोलचा नव्हे, जुन्या व्हार्निशचा वास येत होता. जेट (पेट्रोल सोडणारी पितळेची बारीक छिद्रे) पूर्ण बुजलेले होते. इंजिनाची तपासणी मी नीट केली आणि त्याला पुरवायच्या पेट्रोलकडे पाहिलेसुद्धा नाही. पहिला प्रयत्न बाटलीतल्या ताज्या पेट्रोलवर, पंपाची नळी थेट त्या बाटलीत सोडून केला असता, तर पुढचे दोन आठवडे वाचले असते.

१ डिसेंबर २०२४, रविवार

कार्बुरेटर पूर्ण खोलून साफ केला. जेटमध्ये तार घालू नका, कारण पितळेचे छिद्र किंचित जरी वाढले तरी मिश्रण कायमचे बिघडते; कार्बुरेटर क्लीनरचा फवारा आणि हवेचा दाब एवढ्याने ते मोकळे झाले, मात्र तीन संध्याकाळी गेल्या. कार्बुरेटरचे किट, पेट्रोल पंप, प्लग आणि दोन्ही फिल्टर मिळून २,३५० रुपये झाले.

टाकी उतरवली, तेव्हा आत गंजाचे पापुद्रे सुटलेले दिसले. मूठभर नट टाकून ती हलवून हलवून साफ केली आणि पाणी भरून ठेवली, तर तळाच्या सांध्याशी दोन ठिकाणी थेंब पाझरू लागले. गावातील एका दुकानदाराने गॅस वेल्डिंग करून देतो असे सांगितले. मी ते नाकारले, आणि इतरांनीही नाकारावे, कारण पेट्रोलची टाकी रिकामी झाली तरी तिच्या सांध्यांत आणि गंजाच्या थरात वाफ राहते आणि ज्योत लावताच स्फोट होऊ शकतो. कोल्हापूरला जाऊन शिवाजी उद्यमनगर परिसरात दिवसभर फिरल्यावर एक चांगली जुनी टाकी १,८०० रुपयांना मिळाली. येता-जाता फोंडा घाटाने एसटीचा प्रवास आणि मांडीवर टाकी, असा तो दिवस गेला.

८ डिसेंबर २०२४, रविवार

नवी टाकी, नव्या नळ्या, ताजे पेट्रोल. इंजिन सुरू झाले आणि पंधरा मिनिटे सलग चालले. काका पायरीवर बसून ऐकत होते आणि मी बंद करू लागलो तेव्हा त्यांनी "राहू दे अजून जरा" असे म्हटले.

१५ डिसेंबर २०२४, रविवार

मागची चाके सोडवण्यासाठी गाडी उचलायला गेलो आणि जॅक गाडीच्या पोटात शिरला. डाव्या बाजूला, दरवाज्याखालच्या रनिंग बोर्डला जिथे जॅक लावण्याची जागा असते, तिथला पत्रा बिस्किटासारखा चुरला. सुदैवाने चाक अजून उतरवलेले नव्हते आणि मी खाली नव्हतो. जॅकशिवाय दुसरा टेकू, म्हणजे जांभ्याचे चिरे नव्हे तर लाकडी ओंडके किंवा लोखंडी घोडे, लावल्याखेरीज गाडीखाली हात घालू नये हे वाचलेले होते. आज त्याचे कारण डोळ्यांसमोर आले. (चिरा अचानक दुभंगतो, म्हणून तो टेकू म्हणून कधीच वापरू नये.)

त्यानंतर मी पेचकसाने सगळीकडे टोचून पाहिले. डाव्या रनिंग बोर्डचा जवळजवळ अर्धा भाग, चालकाच्या पायाखालची जमीन, मागच्या दोन्ही चाकांच्या कमानी आणि उजव्या बाजूच्या शॉकअपच्या (शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या) माथ्याजवळचा सांधा गेलेला आहे. बाहेरून हे काहीच दिसत नव्हते, कारण पूर्वीच्या एका पासिंगच्या (आरटीओच्या तपासणीच्या) वेळी एका गॅरेजवाल्याने गंजलेल्या पत्र्यावरच डब्याचा पत्रा रिव्हेट मारून बसवला होता आणि त्यावर बोटभर जाडीची लांबी (पुट्टी) भरून रंग दिला होता. लांबीच्या आड ओल अडकली आणि आतला पत्रा बाहेरच्यापेक्षा लवकर खाल्ला गेला.

संध्याकाळी आमच्याकडे येणाऱ्या जुन्या मेस्त्रींना बोलावले. त्यांनी विजेरीच्या प्रकाशात दहा मिनिटे पाहिले आणि एवढेच म्हणाले, "आधी पत्रो बघ रे, मगे इंजिनाक हात लाव." मी नेमके उलट केले होते. चालू इंजिन मिळवण्यात पाच आठवडे आणि आठ हजारांहून अधिक रुपये गेले, आणि ज्या सांगाड्यात ते इंजिन बसणार तो वापरण्याजोगा आहे की नाही हेच मी पाहिले नव्हते. शॉकअपच्या माथ्याखालचा मूळ पत्रा शाबूत निघाला म्हणून काम पुढे चालू ठेवत आहे. तो गेला असता तर गाडी भंगारात द्यावी असे मेस्त्रींनी स्पष्ट सांगितले, आणि त्यांचे म्हणणे मला पटले.

२९ डिसेंबर २०२४, रविवार

वेल्डिंगपूर्वी टाकी पुन्हा उतरवली. तीन आठवड्यांपूर्वी बसवलेल्या नळ्या, क्लिपा, सगळे पुन्हा सोडवले. क्रम चुकल्याचा हा दंड. आसने, मॅट आणि त्याखालचा नमदा (जाड फेल्टचा थर) बाहेर काढला. नमद्यात अजून पाणी होते, पिळल्यावर ते हातावर आले.

सुरुवातीला घरातील आर्क वेल्डिंगच्या यंत्रावर प्रयत्न केला. गेट आणि जाळ्या जोडण्यासाठी ते उत्तम आहे, पण गाडीचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो, त्यामुळे प्रत्येक टाक्याला नवे भोक पडत गेले. दोन तासांत मी होती त्यापेक्षा जास्त भोके केली आणि थांबलो. कणकवलीचे एक सीओटू वेल्डिंग (पातळ पत्र्याला चालणारे, कार्बन डायऑक्साइड वायू वापरून केलेले वेल्डिंग) करणारे कारागीर यंत्र घेऊन मांगरात येण्यास तयार झाले, दिवसाला १,८०० रुपये आणि साहित्य वेगळे.

१२ जानेवारी २०२५, रविवार

पत्र्याचे काम सात दिवस चालले आणि त्यावर एकूण १८,५०० रुपये खर्च झाले. या कामाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण किनाऱ्यावरच्या गाडीचे आयुष्य याच्यावर ठरते.

गंजलेला भाग कापताना आपण नेहमी कमी कापतो. कारागीर मला सतत आणखी दोन बोटे पुढे कापायला लावत होते, कारण पत्रा पांढरा आणि सलग दिसेपर्यंत वेल्डिंग धरत नाही. जोडपत्र्यासाठी वीस गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा वापरला. पुठ्ठ्याचा साचा कापून तो जागेवर बसतो हे पाहायचे, मग त्यावरून पत्रा कापायचा. टाके सलग न मारता एक इथे, एक तिथे असे इंचाइंचाने मारायचे आणि मध्ये पत्रा थंड होऊ द्यायचा. घाई केली की तो लाटेसारखा वाकतो. रनिंग बोर्डच्या बाहेरच्या पत्र्याआड आणखी एक पत्रा असतो आणि खरा भार तोच घेतो. पूर्वीच्या दुरुस्तीत बाहेरचाच झाकला होता. आम्ही आतला आधी केला.

येथेही माझ्याकडून एक चूक घडली. बॅटरीची तार काढली होती, पण चालकाच्या बाजूने मागे जाणाऱ्या तारांची जुडी बाजूला बांधून ठेवली नव्हती. ठिणगीने तिचे आवरण वितळले आणि पाच तारा एकमेकींना चिकटल्या. एक रविवार त्यात गेला.

वेल्डिंगनंतर घासलेल्या प्रत्येक जागी गंज-रूपांतरक लावला, दुसऱ्या दिवशी झिंकयुक्त प्रायमर, सांध्यांवर सीलर, आणि शेवटी खालून काळा अंडरबॉडी लेप. नुसता लाल ऑक्साइड लावून भागेल असे सुचवणारे बरेच भेटले. खिडकीच्या गजाला ते ठीक आहे.

२६ जानेवारी २०२५, रविवार

गाडी विहिरीच्या पाण्याने धुतली आणि दरवाजा लावताना आत पाणी डचमळल्याचा आवाज आला. दरवाज्यांच्या आणि रनिंग बोर्डच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छोटी छिद्रे असतात, आणि ती मी अंडरबॉडी लेपाने स्वतःच बुजवली होती. जुन्या लेपातही तीच छिद्रे बुजलेली होती, आणि मूळ गंज तेथूनच वर चढला असावा असे आता वाटते. सर्व छिद्रे सळईने मोकळी केली, त्यांच्या कडांना पुन्हा प्रायमर लावला आणि रनिंग बोर्डच्या पोकळीत लांब नळीने मेणाचा फवारा मारला. लेप देण्यापूर्वी प्रत्येक छिद्रात आगकाडी खोचून ठेवली असती, तर हे काम वाचले असते. आमच्याकडे पाणी आत येणार हे गृहीतच धरावे लागते, म्हणून ते बाहेर पडण्याची वाट कोणत्याही लेपापेक्षा महत्त्वाची आहे.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

ब्रेकचे काम. मागच्या चाकांचे सिलिंडर गंजून जाम झाले होते. ते नवे घेतले. पुढच्या कॅलिपरना किट पुरले. नवे ब्रेक ऑइल भरून पेडल जोरात दाबल्याबरोबर मागे जाणारा लोखंडी पाइप फुटला. तो उभ्या गाडीत फुटला हे चांगले झाले. वरून पाइप फक्त तांबूस दिसत होता, पण क्लिपेखाली, जिथे खारी ओल धरून राहते, तिथे तो कागदासारखा पातळ झाला होता. तिन्ही पाइप बदलले. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पुढे ढकलणाऱ्या भागापासून) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून पाइपांतली हवा काढली. ब्रेकचा एकूण खर्च ५,९०० रुपये. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, म्हणून उघडलेली बाटली मी पुन्हा वापरणार नाही.

परवा नोंदणीची मुदत संपते. गाडी तयार नाही. महाशिवरात्रीला काकांना त्यांच्याच गाडीतून कुणकेश्वरच्या यात्रेला न्यायचे मनात होते, ते यंदा होणार नाही.

९ मार्च २०२५, रविवार

हेडलाइट मिणमिणते होते आणि इंजिनाचा तापमान-काटा दिवे लावताच वर चढत होता. मी आधी दोन्ही बल्ब, मग स्विच बदलला. त्यात १,१०० रुपये गेले आणि फरक काहीच पडला नाही. मालवणचे एक गृहस्थ, जे स्वतःची जुनी ८०० तीस वर्षे सांभाळत आहेत, त्यांना फोनवर सगळे सांगितले. त्यांनी मीटर लावून दोन आकडे कळवण्यास सांगितले : बॅटरीवर १२.४ व्होल्ट, बल्बपाशी १०.६. "अर्थिंग बघा," एवढेच ते म्हणाले. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी हिरवी पडून आतून तुटली होती, आणि पुढचा अर्थ-बिंदू रंगाखाली गंजला होता. पट्टी नवी, बिंदू पांढरा घासून घट्ट आवळले, वर ग्रीस. बल्बपाशी १२.१ व्होल्ट आले आणि तापमान-काटाही स्थिर झाला. खाऱ्या हवेत विजेचा कोणताही विचित्र दोष दिसला की सुटा भाग विकत घेण्याआधी अर्थिंग तपासावे.

आंब्याचा हंगाम सुरू झाला आहे. पुढचे काही आठवडे पेट्या भरण्यातच जातील.

१३ एप्रिल २०२५, रविवार

थोडे थोडे काम झाले. टायमिंग बेल्ट वरून ठीक दिसत असला तरी इतकी वर्षे एकाच जागी थांबलेला होता, म्हणून बदलला. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे विहिरीचे पाणी घातलेले होते. तो खोलून साफ केला आणि कूलंट भरले. दोन्ही मिळून ३,६५० रुपये. टायर १४५/७० आर १२ मापाचे, चार मिळून १०,८०० रुपये. दुकानात दिलेल्या पहिल्या संचातील दोन टायर तीन वर्षांपूर्वी बनलेले निघाले, ते परत केले. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पैसे देण्यापूर्वी ती वाचावी.

डिसेंबरात घातलेल्या पेट्रोलच्या रबरी नळ्या फुगून मऊ पडल्या आहेत आणि एका टोकाशी ओल दिसते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि स्वस्तातल्या नळ्यांना ते सोसत नाही. इथेनॉल चालेल अशा नळ्या मागवल्या. दर दुप्पट आहे, पण तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोल गळण्याचा धोका असताना येथे बचत करणे योग्य नाही.

२२ एप्रिल २०२५, मंगळवार

पासिंगसाठी गाडी टेम्पोवर चढवून ओरोसच्या आरटीओ कार्यालयात नेली. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवणे कायद्याने चालत नाही आणि मला ते करायचेही नव्हते. टेम्पोचे भाडे ३,५०० रुपये, नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये (एप्रिल २०२५ चा दर), शिवाय उशिराचे शुल्क आणि पर्यावरण कर. विमा आधी काढावा लागला. एचएसआरपी पाटीसाठी (उच्च सुरक्षा नंबरप्लेटसाठी) ७४५ रुपये आणि जीएसटी असे आधीच भरले होते. पीयूसीच्या पहिल्या चाचणीत कार्बन मोनॉक्साइड ४.१ टक्के आला होता. मिश्रणाचा स्क्रू आणि संथ गती बसवल्यावर तो २.२ वर आला, मर्यादा ३ टक्क्यांची आहे.

निरीक्षकांनी दिवे, ब्रेक, वायपर, हॉर्न पाहिले आणि चॅसी क्रमांक मागितला. तो इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावर कोरलेला असतो, आणि मी त्यावर प्रायमर आणि रंगाचे एवढे थर दिले होते की आकडे वाचता येत नव्हते. त्यांनी अर्ज बाजूला ठेवला. जवळच्या दुकानातून थिनर आणून आवारातच तासभर कापडाने रंग पुसला, तेव्हा पेन्सिलीने कागदावर छाप घेता आला. रंग देताना त्या क्रमांकावर चिकटपट्टी लावण्यास विसरू नये. दुपारी साडेतीनला गाडी पास झाली. पाच वर्षांची मुदत मिळाली.

४ मे २०२५, रविवार

काकांना शेजारी बसवून देवगडहून नांदगावमार्गे फोंडा घाट चढलो. चार गिअरच्या या गाडीत घाट दुसऱ्या गिअरवर सावकाश चढावा लागतो. तापमान-काटा मध्याच्या जरा वर गेला आणि पंखा सुरू होताच खाली आला. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून न राहता त्याच गिअरमध्ये उतरलो. परतीच्या वाटेवर काका गाडी स्वतः चालवतो म्हणाले आणि नांदगावपासून घरापर्यंत त्यांनीच आणली.

२५ मे २०२५, रविवार

मान्सून आज देवगडपर्यंत पोहोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा पाऊस यंदा इतका लवकर येईल असे गृहीत धरले नव्हते. रंगाचे काम मी मेच्या शेवटच्या आठवड्यासाठी ठेवले होते आणि पेंटरला ६,००० रुपये आगाऊ दिले होते. ओल्या हवेत रंग पांढरट पडतो आणि सुटतो, म्हणून काम थांबवले. डावी बाजू रंगवून झाली आहे, उजवी प्रायमरवर आहे. प्रायमर पाणी शोषतो, त्यामुळे तसाच पावसाळा काढणे धोक्याचे होते. पेंटरच्या सल्ल्याने त्यावर साध्या रंगाचा एक पातळ हात तेवढा मारून घेतला. तो पुढे घासून काढावा लागेल.

मांगराच्या जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरून त्यावर फळ्या टाकल्या आणि गाडी फळ्यांवर उभी केली. ओल वरून येते त्यापेक्षा खालून जास्त येते. टाकी पूर्ण भरून ठेवली आहे. हँडब्रेक ओढलेला नाही, चाकांना लाकडी पाचर लावले आहे, आणि दर रविवारी गाडी बागेतल्या रस्त्यावर फिरवायची असे ठरवले आहे.

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

पाऊस ओसरला. फोनला जोडता येणारा छोटा कॅमेरा ९०० रुपयांना घेतला आणि छिद्रांतून दोन्ही रनिंग बोर्डच्या आत घालून पाहिले. डावीकडे मेणाचा थर जसाच्या तसा आहे, वेल्डिंगच्या टाक्यांवर गंज नाही. उजवीकडे मागच्या टोकाला मेण पोहोचलेलेच नव्हते आणि तेथे तांबूस भुकटी दिसते. फवाऱ्याची नळी आखूड होती. चालकाच्या पायाखालची जमीन कोरडी आहे. उजव्या मडगार्डच्या कडेला, हेडलाइटच्या मागे जिथे चिखल साचतो, तिथे रुपयाच्या नाण्याएवढा एक फोड आला आहे. पेंटर दिवाळीनंतर येणार आहे. त्याआधी, येत्या शनिवारी, तो फोड खरवडून पत्रा पाहीन.